अट मात्र शुद्ध मराठीत

पहिला तक्रारअर्ज मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर राग काढणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा माणूस तेव्हा कुठंतरी दूर उभा होता. मी दूर नव्हतो. दौत माझी, टाक माझा, अक्षर माझं.

अर्ज असा होता: गावच्या जुन्या कोंडवाड्यात एक ख्रिस्ती बाई महारोगी लोकांना ठेवून घेते, त्यामुळे गावाच्या आरोग्यास धोका आहे, ती भोळ्या लोकांस आमिष दाखवून बाटवते, आणि तिला परदेशातून मदत येते. सबब कोंडवाडा मोकळा करून घ्यावा.

तीन मुद्दे. पत्रकात तीन मुद्दे असावेत हे मी पत्रकं लिहिता लिहिता शिकलो होतो. दोन लोकांना कमी वाटतात, चार झाले की लक्षात राहत नाहीत. पहिल्या मुद्द्याबद्दल मला काहीच माहिती नव्हती. दुसरा ऐकीव होता. तिसरा मी बनवला, कारण दोनच होत होते.

गाव पांढुर्णा आणि सौंसरच्या मधलं, सडकेवरचं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या गावांना वाटेल आपण वेगळे आहोत, आणि ते वेगळे नाहीत.

तेव्हा राज्यांची नवी मांडणी नुकतीच झाली होती. आमची संत्री जिथं विकली जातात, आमच्या बहिणी जिथं दिल्या आहेत, माणूस फारच दुखण्याला आलं की आम्ही ज्याच्या मोटारीत घालतो, ते नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. आम्ही इकडं राहिलो. राजधानी भोपाळ झाली, जी गावात कोणी पाहिली नव्हती. घरात मराठी, वावरात मराठी, भांडणात मराठी, आणि कचेरीतून येणारा प्रत्येक कागद हिंदीत. आम्ही समिती काढली. आमची मागणी एकच होती, मराठी गावं मराठी राज्यात जावीत. पत्रकं मी लिहायचो, पांढुर्ण्याच्या छापखान्यातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचो आणि मोहगावपर्यंत भिंतींना चिकटवायचो. ती मागणी खरी होती, आजही आहे. तिचा मला पश्चात्ताप नाही.

मागणीला पंचायतीचा ठराव हवा होता. सरपंच कापसाचे अडत्ये, संत्र्याचे दोन बगीचे बाळगून असलेले. ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. शेवटी एक दिवस समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या गुरुजींना, ते म्हणाले, "ठराव करून देतो ना. पण तो कोंडवाडा पहिले मोकळा पायजे. लोकं नाक दाबून जाऊन राहिले तिथून. तक्रार मात्र गावाकडून आली पायजे, माझ्याकडून नाही."

गुरुजींनी मला बोलावलं. "लिही रे. मोठ्या कामासाठी आहे."

मोठ्या कामासाठी आहे म्हटलं की आमच्या पिढीचा टाक आपोआप चालतो. अर्ध्या तासात अर्ज झाला. खाली सह्या मिळायला तेवढाही वेळ लागला नाही.

पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर जागा सोडा, अशी नोटीस बाईंना गेली. चौथ्या दिवशी बाई माझ्याच ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या पुढच्या, जाड पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. हातात माझ्या अर्जाची दुसरी प्रत, तीही मीच लिहिलेली.

"तूच नं रे तो, पत्रकं लिहिते तो?"

"हाव."

"हे तुझंच अक्षर होय?"

नाही म्हणायचा विचार मनात आला होता. पण आई आत सुपात गहू पाखडत होती, तिचं पाखडणं थांबलं होतं. म्हणालो, "माझंच."

"मोठं सुरेख आहे बाबू. मले याचं उत्तर लिहून पायजे."

मला वाटलं बाई टोमणा मारताहेत. मी म्हणालो, "बाई, ज्यानं तक्रार लिहिली त्यालाच उत्तर लिहायला कोणी सांगते काय?"

"मंग गावात दुसरं कोण लिहिते?" बाई ओट्याच्या कडेला टेकल्या. "अन् तुले मुद्दे माहीत आहेत. दुसऱ्याले धरला तर पहिल्यापासून समजून सांगा लागन." मग म्हणाल्या, "एक आहे पण. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. तक्रार तू न पाहता लिहिली, ठीक आहे. उत्तर पाहून लिहिजो."

आईनं आतून विचारलं, "चहा ठेवू काय बाईसाठी?" बाई म्हणाल्या, "कशाले, कप फेकायचं काम पडन तुले." आईनं चहा ठेवला नाही. हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंडवाड्यात गेलो आणि त्यानंतर सात-आठ दिवस जात राहिलो. कोंडवाडा म्हणजे दगडी भिंती, वर कवेलूचं छप्पर, आणि ढोरं बांधायचे खुंटे अजून जागच्या जागी. नवा कोंडवाडा झाल्यावर कोणत्या तरी जुन्या पंचायतीनं तोंडीच बाईंना तो देऊन टाकला होता. आत चौदा माणसं. नाक दाबण्यासारखा वास म्हणाल तर लाल औषधाचा होता. लोक नाक दाबून जायचे ते वासानं नाही, सवयीनं.

बाई खाली पाट टाकून बसायच्या. समोर घमेलं, त्यात लाल औषधाचं कोमट पाणी. एकेक जण येऊन पाय बुडवायचा. महारोगात पायाला काही कळत नाही. खिळा रुतला, निखारा लागला, माणूस तसाच चालतो. त्यामुळे बाई रोज प्रत्येकाचा तळवा उलटा करून, दिवा धरावा तसं तोंड जवळ नेऊन पाहायच्या. सरकारी गोळ्या आठवड्यातून एकदा सौंसरहून आणायच्या, पायी किंवा मिळेल त्या बैलगाडीनं. परदेशी म्हणावी अशी वस्तू मला तिथं एकच सापडली, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात सुया होत्या.

आणि पट्ट्या. आमच्याकडं माणूस गेला की तेरवीनंतर त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. घालत नाहीत, विकत नाहीत, शिवेबाहेरच्या बाभळीवर नेऊन टाकतात. चौदाव्या दिवशी बाई त्या घरी जायच्या आणि मागच्या दाराशी उभ्या राहून धोतरं, लुगडी मागायच्या. गावात त्यांना चौदाव्या दिवसाची बाई म्हणत. आमचे आजोबा गेले तेव्हा मी लहान होतो, पण काकू गाठोडं दुरूनच तिच्याकडं फेकत होती ते मला आठवतं. ते कपडे उकळून, फाडून, गुंडाळून बाई ठेवायच्या. कापूस जिनिंगच्या अंगणातला, झाडलोटीचा, तोही उकळलेला. गेल्या वीस वर्षांत गावात मेलेल्या प्रत्येक माणसाचं धोतर त्या कोंडवाड्यात कोणाच्या तरी पायाला बांधलं गेलं होतं, आणि अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

तिथं एक म्हातारा होता, मोहगावकडचा. एकेकाळी संत्र्याची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता बोटंच उरली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं मला पाय दाखवला. पट्टी मऊ, बारीक सुताची.

"वळखता काय भाऊ हे धोतर? सरपंचाच्या बापाचं हाय. जित्तेपणी त्यानं मले ओसरीवर चढू देल्लं नसतं. आता माहे पाय धरून बसला."

बाकीचे हसले. बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाले असं बोलू नये." म्हातारा म्हणाला, "म्या कुठी वाईट बोललो, माय? भला मानूस हाय. सोडून नाही राहिला."

मी तिथंच खुंट्याला टेकून उत्तराचा मसुदा करायला बसायचो. पहिला मुद्दा सोपा गेला. तिसरा त्याहून सोपा, कारण माझाच होता. परदेशी मदतीबद्दल विचारलं तर बाई म्हणाल्या, "गोऱ्या मडमा गेल्या परत. मिशनवाल्यांचं पत्र आलं, ही लहान जागा बंद करा, मोठ्या दवाखान्यात या म्हणे. म्या लिहिलं, तिथं नर्सा पुष्कळ आहेत."

भांडण झालं ते दुसऱ्या मुद्द्यावर. मी लिहिलं होतं, "बाई रुग्णांना धर्माविषयी काहीही सांगत नाहीत, त्यांचे कार्य केवळ मानवसेवेचे आहे." वाक्य मला आवडलं होतं. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे खोड."

"का?"

"खोटं आहे. मी सकाळी प्रार्थना करते, मोठ्यानं करते. गाणं म्हणते. कोणी विचारलं तर येशूचं सांगते. दोघांनी बाप्तिस्मा घेतला. एक गेला, एक ती पाहा, चूल पेटवून राहिली ती."

"पण तुम्ही आमिष नाही दाखवत ना?"

"घमेलं दाखवते. त्याले तू आमिष म्हणशील तर म्हण."

म्हातारा मध्ये पडला. "मले दर नाताळाले इचारते ही. म्या म्हणतो, माय, माहा मारुती मले सोडत नाही. त्यानं सोडलं का पहिले तुह्याकडं येतो."

"बाई," मी म्हणालो, आणि आता मला चीड यायला लागली होती, "तुम्हाला राहायचं आहे ना इथं? मानवसेवा हा शब्द सगळ्यांना चालतो. सरपंचांना चालतो, कलेक्टरला चालतो. एवढा एक शब्द राहू द्या."

"तो तुझा शब्द आहे, बाबू. मी सेवा कराले नाही आली. मले बोलावलं म्हणून आली. आमच्यात त्याले पाचारण म्हणतात."

मग त्यांनी धोतर फाडता फाडताच सांगितलं, माझ्याकडं न पाहता. मोहगावच्या अलीकडं त्यांच्या बापाचा मळा होता. बापाला रोग फुटला तेव्हा घरच्यांनी त्याला वावरातल्या झोपडीत नेऊन ठेवलं. भाकर दगडावर ठेवून यायची आणि हाक मारून मागं फिरायचं, हे काम या पोरीकडं, वय दहा-अकरा. एक दिवस छकड्यातून एक गोरी मडम आली. तिनं झोपडीत जाऊन बापाचे पाय धुतले. पोरगी बाहेर उभी.

"तिनं मले काही सांगितलं नाही. तिले आपली भाषा तरी कुठी येत होती नीट. पाय धुऊन झाले अन् घमेल्यात घाण पाणी राहिलं. ते फेकाले कोणी नव्हतं. ती इकडंतिकडं पाहून राहिली होती. म्या जाऊन घमेलं उचललं. बस. तवापासून मी ते पाणीच फेकून राहिली."

"आणि घरचे?"

"घरच्यांनी मलेही दगडावर भाकर ठेवली मंग."

मी ईश्वर मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. देवानं कोणाला घमेल्यातून हाक मारली यावर माझा विश्वास नाही, आणि ज्या देवाला हाक मारायला आधी एका माणसाची बोटं झडावी लागतात त्याच्याबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. हे मी बाईंना तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते लिहू नको उत्तरात, बाकी तुझं तू पाहा." वाक्य मी खोडलं. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर बाईंनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांनी वाचून खाली सही केली.

पंचायत शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंच, पंच, आमची समिती, आणि नुकतेच बदलून आलेले पंचायतीचे सचिव, जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. बाई पायरीखाली उभ्या. बाईंना कोणी वर या म्हटलं नाही. उत्तर मीच वाचलं.

वाचून झाल्यावर एक पंच म्हणाला, "म्हणजे बाटवते हे खरंच निघालं की."

"ती तर कबूलच करून राहिली," दुसरा म्हणाला, जरा गोंधळूनच. त्याला वाद घालायचा होता आणि बाईंनी वादाला जागाच ठेवली नव्हती.

सरपंच मात्र हुशार माणूस. चौदा महारोग्यांना हाकललं असं नाव त्यांना नको होतं. त्यांच्या घरातल्या बायकाही कुजबुजत होत्या. त्यांनी तोडगा काढला. बाईंनी एक अट लिहून द्यावी आणि खुशाल राहावं. सचिवांनी तिथल्या तिथं अट लिहिली आणि वाचली. हिंदीत एकच वाक्य होतं, मोघम. कोंडवाड्यात धर्मप्रचार केला जाणार नाही, एवढंच.

इथं थांबून विचार करायला हवा होता. ते वाक्य इतकं ढिलं होतं की त्यातून बैलगाडी गेली असती. प्रचार म्हणजे काय हे त्यात नव्हतं. बाई त्यावर सही करू शकल्या असत्या, घमेलं पुढं ओढून सकाळचं गाणं म्हणू शकल्या असत्या, आणि कोणाच्या बापाला काही करता आलं नसतं.

मी उठून उभा राहिलो. मला अट दिसलीच नाही. मला हिंदी दिसली.

"मराठी गावात, मराठी पंचायतीत, मराठी बाईला अट हिंदीत? हे आम्ही चालू देणार नाही."

आमची सगळी समिती उठली. गुरुजींनी भाषण केलं, चांगलं केलं. आईची भाषा, जनाबाईचं दळण, सगळं आलं त्यात. अर्धा तास हेच चाललं. एक पंच म्हणाला, "मोडीत लिहा ना मंग, कोणालेच वाचता नाही येणार." हशा पिकला. सचिव बिचारे घामाघूम. ते म्हणाले, "भाई, मेरी कोई ज़िद नहीं है. आप ही लिख दीजिए."

सरपंचांनी कागद माझ्याकडं सरकवला. तेव्हा ते हसत होते. मला वाटलं आपण जिंकलो म्हणून हसताहेत.

मी लिहिलं. भाषांतर करायला मला कमीपणा वाटला. मी नव्यानं लिहिलं. आणि लिहिताना हाताला जी सवय होती तीच लागली. एक मुद्दा उघडा दिसतो, तीन पाहिजेत. "मी कोंडवाड्यात कोणत्याही रुग्णापुढे धर्माचा उपदेश करणार नाही, प्रार्थना वा गीत मोठ्याने म्हणणार नाही, आणि कोणी विचारल्यासही माझ्या देवाविषयी सांगणार नाही." उभं राहून वाचून दाखवलं. तिसऱ्या भागावर आवाज आपोआप चढला. व्हरांड्यात टाळ्या वाजल्या. गुरुजी म्हणाले, "याला म्हणतात मराठी." पंचांनी एकमतानं ठराव केला. गावात हिंदीचा झालेला तो पहिला पराभव, असं मी त्या आठवड्याच्या पत्रकात लिहिलंही, आणि ते पत्रक अजून काही भिंतींवर आहे.

कागद पायरीखाली गेला. बाईंनी तो वाचला. त्यांना वेळ लागला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"हिंदीतलं होतं त्याच्यावर म्या सही केली असती," बाई हळू म्हणाल्या. व्हरांड्यात दोघा-तिघांनाच ऐकू गेलं असेल. "याच्यातलंही पहिलं चाललं असतं, म्या कधी उपदेश केला? गाणं मनात म्हणता येते. पण कोणी विचारलं तरी सांगणार नाही, हे कसं लिहून देऊ? मी इथं कशाले बसली आहे, असं एखाद्यानं विचारलं, तर गप राहू?"

मी सरपंचांकडं वळलो. म्हणालो, तिसरा भाग काढून टाकू. गरज नाही त्याची.

"ठराव झाला ना आता," सरपंच म्हणाले. "अन् कोणाच्या अक्षरात झाला, पाहा बरं."

गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत होते. समितीतल्या माझ्या मित्रांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "जाऊ दे ना यार. भाषेचं तर झालं." सचिवांनी, त्या हिंदीवाल्या माणसानं, तेवढं एकदा म्हणून पाहिलं, "हटा दीजिए न साहब, क्या फ़र्क पड़ता है?" त्या व्हरांड्यात बाईंच्या बाजूनं बोललेला तो एकच माणूस, आणि त्याला आम्ही अर्धा तास झोडपलं होतं.

त्या संध्याकाळी मी कोंडवाड्यात गेलो ते माफी मागायला नाही, भांडायला. "सही करा," म्हणालो. "कोण येतं पाहायला? पंच तर दारापर्यंतही येणार नाहीत. तुमच्या एका वाक्यासाठी चौदा माणसांचं छप्पर जातं आहे."

"वाक्य माझं आहे काय?" बाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "सही म्हणजे मी लिहून देणं. खोटं लिहून द्यायचं असतं तर तुझा तो मानवसेवा का काय, तोच शब्द नसता ठेवला?"

"माणसापेक्षा शब्द मोठा झाला तुम्हाला."

"असन. तुले नाही झाला?"

मी म्हाताऱ्याकडं वळलो. म्हणालो, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हाला तर त्यांचा देव नकोच आहे.

म्हातारा भिंतीला पाठ घासत होता. "भाऊ, मले तिचं गाणं बी नको. बेसूर गाते. पण ही इथी काहून आली, हे म्या अजून इचारलंच नाही. इतकी वर्सं झाली. मरताना इचारीन म्हनलं होतं. तवा ही गप बसन तर मंग?"

बाईंनी प्रत्येकाला विचारलं. सही नको म्हणणारे अकरा निघाले. तीन काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्यांत दोन बायका होत्या, शेजारच्याच दोन गावांच्या, आणि मला आता कळतं की त्यांना छप्पर हवं होतं, त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. बाईंनी विचारलं नाही. बाई संत आहेत असं मी कुठं लिहीत नाहीये.

नोटिशीची मुदत संपली त्या सकाळी मी गाड्या शोधायला निघालो. समितीच्या पांढुर्ण्याच्या सभेला माणसं न्यायला याच गावातून अकरा बैलगाड्या निघाल्या होत्या, बैलांच्या शिंगांना झेंडे बांधून. त्या दिवशी एकही मिळेना. एकाचा बैल लंगडत होता. एकाला कापूस भरायचा होता. एकानं सरळ सांगितलं, "मंग गाडी धुवा लागन ना बाप्पा." गुरुजींकडं गाडी नव्हती, त्यांनी मत दिलं की बाईंनी घाई केली.

मग ते चालत निघाले. सडकेनंच, भर गावातून, कारण मागच्या वाटेवर गोटे आहेत आणि त्या पायांना गोटे कळत नाहीत. पुढं बाई, डोक्यावर औषधांची पेटी. मी एका खांद्यावर घमेली, दुसऱ्या खांद्यावर पट्ट्यांचं गाठोडं घेतलं. लोक दारात उभे होते. दुकानांपुढून जाताना म्हातारा मला म्हणाला, "पायात काही रुतलं तर पाहून ठेवजा भाऊ, मले समजत नाही." मी खाली पाहत चाललो. त्यामुळे लोकांच्या तोंडाकडं पाहावं लागलं नाही.

शिवेच्या दगडापलीकडं सडकेच्या कडेची जागा बांधकाम खात्याची आहे. पंचायतीचा हुकूम तिथं चालत नाही. दगडापासून दहा-बारा पावलांवर एक चिंच आहे. बाईंनी तिथं पेटी उतरवली. दोन दिवसांत आम्ही बांबू रोवून वर तरट टाकलं. थंडीचे दिवस होते. संत्री उतरायला लागली होती, सडकेनं पेट्यांच्या गाड्या जायच्या. हाकणारे तोंडाला उपरणं लावायचे.

त्या दोन बायका तिसऱ्या दिवशी आपापल्या गावी निघून गेल्या. थंडी सहन होईना म्हणाल्या. बाई दर बाजारच्या दिवशी सौंसरला त्या गावांची माणसं गाठतात आणि विचारतात. "आहे ना, बरी आहे," असं ती माणसं सांगतात आणि भाजीकडं पाहतात. गोळ्या पाठवू काय म्हटलं तर, "नको, नको." एकदा बाई स्वतः एका गावी गेल्या. तशी कोणी बाई इथं नाही, असं त्यांना घरच्यांनी दारातूनच सांगितलं.

आणि ठराव? मराठी राज्यात जाण्याचा तो मोठ्या कामाचा ठराव सरपंचांनी अजून केलेला नाही. "भोपाळचा रंग पाहू जरा," म्हणतात. मी समितीत आहे. मागणी माझी आहे, ती या लोकांच्या हाती सोडून मी जाणार नाही. पण गुरुजी पत्रक लिहायला सांगतात तेव्हा मी आधी विचारतो की कोणी पाहून आलं आहे काय. त्यांना ते आवडत नाही. हा मजकूर समितीनं छापायला नकार दिला, म्हणून मी तो माझ्या नावावर छापतो आहे.

परवा कोंडवाड्यावरून जात होतो. दाराला कुलूप. झरोक्यातून पाहिलं. गावाला तो कशासाठी हवा होता हे मला पाहायचं होतं. आत काही नव्हतं. झाडूसुद्धा मारलेला नव्हता. खुंटे होते तिथं होते.

मी तसाच चिंचेखाली गेलो आणि बाईंना सांगितलं की जागा रिकामी पडली आहे. बाई एकाचा तळवा उलटा करून पाहत होत्या. म्हणाल्या, "मंग अर्ज कर."

"अट तर तीच राहणार."

"राहीना का. तू अर्ज तर कर. त्या दोघींची नावं पहिले लिही. छप्पर झालं म्हणून निरोप धाडता येईन."

अर्ज काल दिला. दोनच ओळींचा आहे: जागा रिकामी आहे, या बायकांना ती हवी आहे. सचिवांनी तो मराठीतच घेतला, वाचला, आणि सरपंच नागपूरला गेले आहेत म्हणाले. केव्हा येतील ते त्यांना माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात बसून राहिलो. संध्याकाळी शाळेच्या शिपायानं बाक आत घेतले तेव्हा उठलो. आज पुन्हा जातो आहे.